मेथीवालीचा आवाज

बाळंतपणातली सुरक्षितता हा माझ्या संशोधनाचा विषय. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मी बाळंतिणीजवळ बसणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे, "रक्त जास्त जातंय असं वाटलं, तर लगेच ओरडा." बायका माना डोलवायच्या आणि सिस्टर रागावतील म्हणून गप्प बसायच्या. वर भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी होतीच!

त्यांतली एक सासू कन्नड गावच्या आठवडी बाजारात भाजी विकणारी. सुनेच्या अंगाखालचं कापड सारखं हातानं चाचपायची. एकदा हात लाल झालेला बघितला आणि अशी ओरडली, की जिन्यात पोचलेल्या डॉक्टर धावत परत आल्या. इंजेक्शन, सलाइन, पळापळ. रक्त थांबलं. सून वाचली.

"सिस्टरची भीती नाही वाटली, मावशी?" मी विचारलं.

"मेथीच्या जुडीसाठी बाजारभर बोंबलते मी," हात पुसत ती म्हणाली. "सुनंसाठी नाय बोंबलायचं व्हय?"

मग शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईकडं वळली. "लाजू नको गं. आवाज काढून दाखव बरं."

तिनं काढला. पलीकडचीनंही काढला. काय झालं म्हणून सिस्टर धावत आल्या. कळल्यावर हसल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी ती पाटी काढली.