डावीकडचा आवाज

मला इयरफोन हवा होता. वायरवाला, कानात बसणारा, हजाराच्या आतला. एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पहिल्या दिवशी मीही शीळ घालतच दुकानात गेलो होतो.

आमचं भजनी मंडळ आहे, दहिसरला. सगळे कोकणातले, बहुतेकांचे बाप गिरणीत होते. मी बुवा, म्हणजे पेटी पुढ्यात घेऊन गाणारा. माझ्या उजव्या हाताला पखवाजवाला, डाव्या हाताला झांजवाला, मागे कोरस. ही बसायची रीत माझ्या आधीच्या बुवांपासूनची, आणि ती कुणी मोडत नाही. झांजवाला म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, एकाच चाळीत वाढलो आम्ही. पंचवीस वर्षं तो माझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर पितळेवर पितळ आपटतोय. हे तेव्हा कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आमची डबलबारी ठरली होती. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एका बुवानं गायचं आणि दुसऱ्यानं त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं. त्यासाठी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून नव्या चाली बसवत होतो. मुलीनं वाढदिवसाला बिनवायरचे दिले होते, पण त्यात पेटीवरचं बोट आधी दिसायचं आणि सूर मागून यायचा. वर एक दिवस डावा दाणा गटारात पडला. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही ना, वायरवालाच घ्या.’’

बोरिवली स्टेशनबाहेरच्या गल्लीत मोबाइलच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक पन्नाशीचा, बोलायला तिखट पण माल दाखवायला कंटाळत नाही. तो म्हणाला, ‘‘काका, पाठ असलेलं गाणं लावा. नवीन गाण्यावर इयरफोन कळत नाय.’’ मला पटलं. मी आमच्याच मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, आठ-दहा वर्षांपूर्वीचं. त्यात कुठे पखवाज घुमतो, कुठे मी श्वास घेतो, सगळं मला पाठ आहे. एक काळा इयरफोन बरा वाटला. पेटी स्वच्छ येत होती, आवाज उगाच धडधडत नव्हता. घेतला आणि घरी आलो.

घरी खिडकीपाशी शांत बसून ऐकलं, तर डावी बाजू बारीक. झांज त्या रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे आहे. ती झांज पार भिंतीपलीकडे गेल्यासारखी वाटत होती.

‘‘च्यायला, फसवलं,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. मालकानं भांडण न करता दुसरा काढून दिला. म्हणाला, ‘‘रबर नीट बसलं नसेल. एका कानाचं भोक मोठं असतं, एकाचं लहान. डाव्याला मोठं रबर लावा.’’ पाकिटात तीन मापांची रबरं होती. मी घरी तिन्ही लावून बघितली. वायर कानावरून मागे घेऊन बघितली. रबर जरा दाबून धरलं की आवाज भरतो, हे खरं. पण भरायचा तो उजवीकडे. डावीकडे मोठं रबर लावलं काय आणि लहान लावलं काय, झांज भिंतीपलीकडेच.

तेव्हा पहिल्यांदा वाटलं, दोष आपल्या कानाचा तर नसेल? पण माणूस स्वतःला समजावण्यात वस्ताद असतो. मी म्हटलं, मळ असेल. बायकोला सांगून कानात कोमट तेल घातलं, तीन दिवस बोळा लावून फिरलो. चौथ्या दिवशी बोळा काढला आणि पहिलं काय केलं असेल तर इयरफोन घातला. काही फरक नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. नळाचा आवाज मला उजवीकडूनच येत होता. नळ डावीकडे होता.

भीती कशाची, ते सांगायला हवं. माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. शेकडो साचे, म्हणजे माग, एका वेळी खडखडायचे, तिथे माणसं खुणांनी आणि ओठ वाचून बोलायची. पन्नाशीत ते जवळपास बहिरे झाले. पण ‘मला ऐकू येत नाही’ असं ते जन्मात कुणाला म्हणाले नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे एकटक बघायचे आणि मान हलवायचे. ‘होय, होय. बरोबर.’ आम्ही भावंडं हसायचो. मुद्दाम विचारायचो, ‘‘बाबा, घराला आग लावू का?’’ ते म्हणायचे, ‘‘होय, होय.’’ लाज वाटते आता.

आई गेली त्या दिवशी ते दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. आई त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. बाबांनी मान हलवली. होय, होय. मी दारापाशी डॉक्टरांशी बोलत होतो, मला काही कळलं नाही. संध्याकाळपर्यंत ती गेली. बाबा जिन्यात माझा हात धरून म्हणाले, ‘‘काय म्हणाली रे ती?’’

ते मला विचारत होते. आणि मला माहीत नव्हतं. ती काय म्हणाली ते आजवर कुणालाच माहीत नाही.

त्यामुळे मला बहिरेपणाची भीती वाटते असं म्हणणं अर्धवट आहे. मला त्या मान हलवण्याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर मी ती हलवायला लागलो होतो. बायको जेवताना माझ्या डावीकडे बसते. एकदा ती काहीतरी म्हणाली, मी ‘हो’ म्हणालो. आठवड्यानं कळलं की मी तिच्या भाच्याच्या लग्नाला आठ दिवस कणकवलीला जायचं कबूल करून बसलोय. ती खूश. मी आतून थंड पडलो. एवढ्या वर्षांत तिला ‘काय म्हणालीस?’ असं विचारायला मी कधी लाजलो नव्हतो. आता लाजत होतो.

तिसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होतो. मालक वायर बोटाला गुंडाळत माझं ऐकत राहिला. मग त्यानं तो इयरफोन स्वतःच्या कानात घालून बघितला, पुसला आणि मला दिला.

‘‘काका, उलटा घाला. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात.’’

‘‘कशाला?’’

‘‘घाला तर.’’

मी घातला. माल खराब असता तर बारीक आवाज आता उजवीकडे यायला हवा होता. झांज खणखणीत आली, उजव्या कानात. डावीकडे तोच बारीकपणा. काढून सरळ घातला, पुन्हा उलटा घातला. चार वेळा. मागे गिऱ्हाइकं उभी होती, कुणीतरी ‘‘अंकल, जल्दी करो ना’’ म्हणालं, तेही मला उजवीकडून ऐकू आलं.

मालकाच्या चेहऱ्यावरून तिखटपणा गेला होता. ‘‘हाच ठेवा,’’ तो म्हणाला, ‘‘चांगला पीस आहे. आवाज जास्त वाढवू नका. आणि कानाच्या डॉक्टरला दाखवा.’’ मी इयरफोन खिशात घालून निघालो आणि स्टेशनच्या विरुद्ध बाजूलाच चालत सुटलो. समोरचा बुवा बारीत काय गातोय ते नीट कळलं नाही, तर मी उत्तर काय देणार? मग पुढे? कोरस मागून काय म्हणतोय, मुलगी फोनवर काय म्हणतेय, उद्या बायको दवाखान्यात माझ्याकडे बघून काही म्हणाली तर? एका पानाच्या टपरीला धरून मी पाच मिनिटं उभा राहिलो.

डॉक्टरकडे गेलो का? नाही गेलो. घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागतो असं कुणी सांगितलं? मी एक शेवटची पळवाट शोधली. मालकाचे कान काय, दिवसभर हॉर्नमध्ये बसलेले! आमच्या मंडळात सगळ्यात तयार कान कुणाचा, तर माझ्या दोस्ताचा. पखवाज अर्ध्या मात्रेनं मागे पडला तर तो भुवई उडवतो. त्याला इयरफोन द्यायचा. तो जर म्हणाला की डावी बाजू बारीक आहे, तर विषय संपला. दोष त्या वायरचा.

खरं तर त्याच्याशी माझं वाजलं होतं. वर्षभर तो झांज फार जोरात वाजवत होता. सगळे सांगून थकले. मी तर मागच्या तालमीत पेटी बंद करून ओरडलो होतो, ‘‘अरे मेल्या, हळू! मला माझा सूर ऐकू येत नाही!’’ तो हसला होता फक्त. पुढच्या अभंगाला तितकीच जोरात. मला वाटलं, मुद्दाम करतोय, म्हातारपणी मस्ती चढलीय.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात तालीम असते. मी अर्धा तास आधी गेलो. तो आधीच येऊन सतरंजी घालत होता. पाठमोरा. मी हाक मारली, त्यानं वळून बघितलं नाही. रुसला असेल, म्हटलं. खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढा दचकला.

‘‘नवीन इयरफोन घेतलाय,’’ मी म्हणालो, ‘‘ऐकून सांग कसा आहे ते.’’ डाव्या-उजव्याचं मी मुद्दामच बोललो नाही. त्याला आपणहून कळू दे, म्हटलं. तो माझ्या उजवीकडे सतरंजीवर बसला, दोन्ही दाणे कानात घातले, रबर नीट दाबलं. मी चष्मा पुसून मोबाइलमध्ये आमचं रेकॉर्डिंग शोधू लागलो. ते फोल्डरमध्ये खाली कुठेतरी गेलं होतं. मुलीनं कितीदा सांगितलं, वेगळं ठेवा.

‘‘झकास!’’ तो म्हणाला.

मी मान वर केली. तो डोळे मिटून बसला होता. उजव्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरत होतं.

‘‘काय आवाज आसा रे!’’ तो मान डोलावत म्हणाला. ‘‘पखवाज कसो घुमता! आणि तुझी पेटी, अगदी समोर बसल्यासारखी.’’

मी मोबाइलकडे बघितलं. मी अजून काही लावलंच नव्हतं.

त्याचं बोट मांडीवर चालूच होतं. आमच्याच अभंगाचा ठेका. मी कुठलं गाणं लावणार हे त्यानं ओळखलं होतं आणि ते तो मनातल्या मनात वाजवत होता. चेहरा इतका छान केला होता की दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. मला कळलं. तसा चेहरा मी आमच्या घरात वीस वर्षं बघितला होता.

मग ते जोरात वाजवणं आठवलं. तो मस्तीत नव्हता. त्याला त्याचीच झांज ऐकू येत नव्हती, म्हणून तो जोर लावत होता, आणि तो जोर माझ्या डाव्या कानात जात होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या होत्या. मला रडूच यायला लागलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. आता दोघांची.

मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. रिकामी, काळी पडलेली स्क्रीन. त्यानं डोळे उघडले. स्क्रीन बघितली. मग दाणे कानातून काढले, वायर दोन बोटांवर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली.

मी माझ्या डाव्या कानावर बोट ठेवलं आणि नुसती मान हलवली. नाही.

‘‘तुका पण?’’ तो म्हणाला.

बाहेर जिन्यात पखवाजवाल्याच्या चपला वाजल्या. त्या मला ऐकू आल्या, त्याला नाही. माझी नजर दाराकडे गेली तशी त्याचीही गेली, आणि मग तो घाईघाईनं म्हणाला, ‘‘घरात सांगू नको. मंडळात तर अजिबात नको. काढतील मला.’’

हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. तो उजवीकडे बसला होता. त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते, बाबांचे असायचे तसेच, मी आता काय म्हणतो ते पकडायला. मी ‘होय, होय’ म्हटलं असतं तर ते त्याला लगेच कळलं असतं.

मी मान हलवली नाही. तोंड त्याच्या तोंडासमोर नेलं आणि जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘‘सांगणार! आज जेवताना माझ्या बायकोला माझं, आणि मग तुझ्या बायकोला तुझं!’’

पखवाजवाला दारातच थबकला. दोस्तानं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘ओरडतंस कित्याक रे,’’ तो म्हणाला, ‘‘ऐकलंय मी.’’