खाडीला दिलेल्या हार्ड डिस्क

तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क आत्ता कुठे आहे, सांगता येईल तुम्हाला?

नवीन बसवल्यावर कॉम्प्युटर किती फास्ट झाला, हे तुम्ही चार लोकांना सांगितलं असेल. पण काढलेली कोणी नेली? मी हे ज्यांना विचारते ते आधी हसतात, मग आठवून बघतात आणि मग विषय बदलतात.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष कमी, पत्रकांचा जास्त. माझे वडील तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उचलायचे. हमालांच्या संघटनेची पत्रकं वाटून उरली की गठ्ठा घरी यायचा. जुईनगरच्या आमच्या खोलीत फडताळावर तीच पसरलेली, वह्यांना कव्हर त्यांचंच, आणि भजी तळली की तेल टिपायलाही तीच. मला अक्षरं कळायला लागली ती त्यांच्यावरून. पहिलीत बाईंनी एक वाक्य लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी आईबद्दल आणि गाईबद्दल लिहिलं. मी लिहिलं, ‘जबाब कोण देणार?’ बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील येताना पेढे घेऊन आले.

आता त्याच संघटनेच्या ऑफिसात मी बसते. मार्केटच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक उभा डबा, ज्याला आम्ही मोठ्या अभिमानाने सर्व्हर म्हणतो. पत्रकं मीच लिहिते, टाइप करते. दुसरं कामही माझ्याकडेच होतं: खाली गोडाउनमध्ये कांदा-लसूण निवडणाऱ्या बायकांच्या जबान्या लिहून घेण्याचं. तिथला मुकादम बायकांशी कसा वागतो, हे सगळ्या मार्केटला माहीत होतं. पण माहीत असणं आणि कागदावर असणं यात फरक असतो.

पहिली जबानी दिली ती एका साताऱ्याकडच्या मावशींनी. त्या अजून त्याच मुकादमाच्या हाताखाली होत्या. बोलताना एकदाही रडल्या नाहीत, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “ताई, ह्ये कुनाला दावायचं न्हाई. आनी चारजनी बोलंस्तवर न्हाई. त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी माज्या जागंवर दुसरी बाई आसंल.” मी शब्द दिला. जबानी, त्यांचं नाव, पत्ता, सगळं सर्व्हरवर ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, नवरात्रात, आमचे सेक्रेटरी हसत हसत वर आले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. माणूस भला, पण कोणी भेट दिली की विरघळणारा. मार्केटातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून संघटनेला दसऱ्याची भेट द्यायचं ठरवलं होतं. सगळ्या कॉम्प्युटरना आणि सर्व्हरला नवीन एसएसडी, म्हणजे जुनीपेक्षा कितीतरी फास्ट डिस्क, बसवून देण्यासकट. ज्या गोडाउनमध्ये मावशी काम करायच्या, त्याचा मालकही त्या व्यापाऱ्यांत होता.

“आपल्याला का?” मी विचारलं.

“का म्हणजे? मशीन चालू करून तू चहा पिऊन येतेस, तरी चालू झालेलं नसतं. त्यांना दया आली.”

“ज्यांना आपल्या बायकांची दया येत नाही, त्यांना आपल्या मशीनची आली?”

“झालं हिचं पत्रक सुरू,” भाऊ म्हणाले. “अगं बाई, एकदा तरी नुसतं थँक्यू म्हणून बघ. काय जीभ झडते का?”

मी थँक्यू म्हटलं नाही. पण मशीन खरंच मरायला टेकली होती, हे मलाही कबूल होतं. सर्व्हरची डिस्क तर एखादी फाइल उघडायला गेलं की कुरकुर, कुरकुर करायची. पलीकडच्या खोलीत बसूनही मला कळायचं, कोणीतरी काहीतरी वाचतंय.

टेक्निशियन खारघरहून आला. नीट इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड, मला ‘मॅडम’ म्हणणारा. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर उतरवायचं आणि मग जुनी काढून नवीन बसवायची, असं काम. तो दिवसभर करत होता आणि मी दिवसभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्याने डबा खाल्ला तेव्हा मीही तिथेच डबा खाल्ला. तो पाणी प्यायला उठला की मी त्याच्या बॅगेकडे बघायचे.

काम छान झालं, ते नाकारत नाही. बटण दाबलं की स्क्रीन समोर. आवाज नाही, घरघर नाही. टपाल खात्यातून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले क्लार्क तर दोनदा बंद-चालू करून बघत बसले.

मग टेक्निशियनने काढलेल्या पाचही डिस्क एका पिशवीत भरायला घेतल्या.

“या कुठे चालल्या?”

“मॅडम, या जुन्या आम्ही घेऊन जातो. तसंच ठरलंय. रिसायकलिंगला जातात.”

“आणि आतलं?”

“फॉरमॅट मारतो ना. सगळं साफ.”

हे मला माहीत होतं. साधं फॉरमॅट मारणं म्हणजे गाळ्याबाहेरची पाटी पुसणं. पाटी पुसली म्हणून आतल्या गोण्या रिकाम्या होत नाहीत. ज्याला शटर उचलता येतं, त्याला त्या मिळतातच. मी पिशवी ओढून घेतली. तो बिचारा, की बिचारा नसलेला, भाऊंकडे बघायला लागला.

“मॅडम, मला ऑफिसात जाब विचारतील.”

“मग त्यांना सांगा, मलाही विचारायचाय. मंद झालेल्या, जुन्या डिस्कची एवढी काळजी कशाला?”

भाऊंनी मध्ये पडून तोडगा काढला. डिस्क ऑफिसच्या कपाटात राहतील, दसरा झाल्यावर बघू. किल्ली भाऊंकडे. टेक्निशियन गेल्यावर ते मला म्हणाले, “तुला ना, देवळात प्रसाद दिला तरी तू विचारशील, यात काय घातलंय.”

“विचारतेच,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या ऑफिसात ती जोरात होते. हमालांच्या टोळ्यांमधले लोक गोण्या उचलायचे आपापले हूक घासूनपुसून आणतात, पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं. कॉम्प्युटरलाही हार. नव्या एसएसडी आत बसलेल्या, त्यामुळे त्यांना कुंकू डब्यावरूनच. वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी लवकर घरी गेले. दसऱ्याला ऑफिस बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. भाऊ आले, त्यांच्याकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं.

डिस्क नव्हत्या.

भाऊ म्हणाले, “असतील इथंच.” टेबलांखाली बघितलं, हारांच्या टोपलीत बघितलं. मी टेक्निशियनला फोन लावला.

“मॅडम, मी दसऱ्याला सकाळी आलो होतो, पण ऑफिस बंद होतं.”

“दसऱ्याला? सुट्टीच्या दिवशी? कोणी पाठवलं तुम्हाला?”

तो गडबडला. “वरून फोन आला होता, लवकर उचला म्हणून.” मग त्याने फोन ठेवला.

मी भाऊंकडे बघितलं. किल्ली त्यांच्याकडे होती. व्यापाऱ्यांबरोबर फोटो त्यांनीच काढून घेतला होता. मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण भाऊ खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मला चोर म्हणतेस, पोरी? तुझ्या बापाबरोबर मी लाठ्या खाल्ल्यात.”

“मग सांगा ना कुठे गेल्या!”

नेमक्या त्याच वेळी मावशी पाण्याची बाटली भरायला वर आल्या. माझा चेहरा बघून थांबल्या. त्यांच्यापासून लपवायचा मला हक्क नव्हता. मी सांगितलं: तुमची जबानी ज्यावर होती ती वस्तू सापडत नाही. कोणाच्या हातात असेल माहीत नाही.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि एवढंच विचारलं, “मंग आता खाली कामावर जाऊ, का नको जाऊ?”

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

तेवढ्यात जिन्यावरून खोकत नाना आले. नाना आमच्या सगळ्यात जुन्या टोळीचे मुकादम. गोडाउनवाल्या मुकादमाशी त्यांचा संबंध नाही, त्याचं नाव निघालं तरी ते थुंकतात. हातात आपट्याची पानं. “सोनं घ्या! काल गाठ पडली न्हाई म्हनून शिळं आनलंय.” कोणी हात पुढे करेना. “काय रं, सुतक हाय का? आरं, सनासुदीचं त्वांड गोड करा. आनि ताई, तुमच्या त्या कंपुटरच्या लोखंडालाबी पोचवून आलो बरं का काल.”

भाऊ खुर्चीतून उठले.

“कुठं पोचवलं, नाना?” भाऊंनी विचारलं.

“खाडीला! दुसरं कुठं?”

आता हे बाहेरच्याला सांगायला हवं. नानांच्या टोळीत झिजलेला हूक भंगारात घालत नाहीत. ज्याने पोट भरलं, त्याला खंडेनवमीला शेवटचं कुंकू लावायचं आणि दसऱ्याला सारसोळ्याच्या जेटीवरून खाडीला द्यायचं, अशी त्यांची रीत. पूजेच्या दिवशी भाऊंनी गुलालाची पिशवी काढायला कपाट उघडलं आणि घाईत थोडा वेळ उघडंच ठेवलं, तेव्हा नानांना आत पाच चपटे लोखंडी तुकडे दिसले. क्लार्कना विचारलं, तर ते म्हणाले, जुने झाले, काढून टाकले. झालं. नानांनी त्यांना हुकांच्या रांगेत मांडलं, हळदकुंकू वाहिलं, फुलांखाली ते भाऊंना दिसलेही नाहीत, आणि दसऱ्याला सगळ्यांना एकत्र निरोप दिला.

“नाना, अहो विचारायचं तरी!” मी ओरडले.

“काय इचारायचं? इतकी वर्सं राबलं, आता भंगारवाल्याच्या तराजूत घालायचं व्हय?” नाना माझ्यापेक्षा जास्त चिडले होते.

ओहोटी दुपारी होती. आम्ही चौघं भाऊंच्या ओळखीच्या टेम्पोतून सारसोळ्याला गेलो. मावशींनी अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली. बरं वाटत नाही म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. जेटीखाली चिखल उघडा पडला होता, त्यात हारांचा लगदा, नारळ, थर्माकोल. डिस्क कुठेच दिसेनात. जेटीवर एक कोळी जाळं सांधत बसला होता. त्याने आमची धडपड बराच वेळ मजेत बघितली.

“काय शोधताव?”

“लोखंडाचे चपटे डबे. कुंकू लावलेले.”

“ते तुमचं होय?” तो हसायला लागला. “खाडीन लोक देव टाकतान, फुलां टाकतान, आता कंपुटर पन टाकाया लागले! पानी उतरला न् चिखलान दिसला. मी उचलून ठेवला, भंगारवाल्याला द्याचा हाय.”

त्याच्या टोपलीत चार डिस्क निघाल्या. पाचवी नव्हती. आणि ती सर्व्हरचीच होती. तिच्यावर मी हिरवी चिकटपट्टी लावलेली होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं. कोळी डोकं खाजवत उठला आणि आपल्या होडीकडे गेला. तिच्यावर निळी ताडपत्री होती, आणि ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून वर वजन ठेवलेलं होतं. हिरवी पट्टी, त्यावर कुंकवाचं बोट.

“मस्त बसली होती,” तो म्हणाला. “तिच्या बदल्यात दगड तरी आनून द्या.” भाऊंनी खरंच एक दगड शोधून आणून दिला.

खारं पाणी लागलं तरी आतल्या तबकड्यांवरचं जाईलच असं नाही. म्हणून तिथून तडक जुईनगरला, आमच्या गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे. त्याने ड्रिलने पाचहींना आरपार भोकं पाडली. सर्व्हरच्या डिस्कचं झाकण उचकटल्यावर आतली तबकडी आरशासारखी चमकली. मावशींनी ती हातात घेतली, स्वतःचं तोंड बघितलं.

“माजं बोलनं ह्यात व्हतं?”

“हो.”

“आन आता त्या नव्यात हाय.”

“हो. तीच नक्कल.”

“ती नवी आवाज करती का?”

“नाही.”

“मंग कोन वाचतंय, ते तुमाला कळायचं कसं?”

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेल्या. मी त्यांची जबानी सर्व्हरवरून काढून एका वेगळ्या डिस्कवर घेतली, जिला कुठल्याही मशीनची वायर जोडलेली नसते. नव्या एसएसडीवर त्यांची एखादी खूण राहिली असेल, तर ती एसएसडीही ज्या दिवशी निघेल त्या दिवशी ग्रिलवाल्याकडेच जाईल, आतल्या एकेका चिपला भोक पाडून घ्यायला. तशी चिठ्ठी मी सर्व्हरच्या डब्याच्या आतून चिकटवली आहे. मावशींनंतर दोघी बोलल्या आहेत. चौथीची वाट बघतोय.

टेक्निशियनच्या ऑफिसातून त्यानंतरही फोन येत राहिले. जुन्या डिस्क कधी उचलायच्या? मी दर वेळी सांगते, विसर्जन केलं. पलीकडचा माणूस हसतो, आणि काही दिवसांनी पुन्हा फोन करतो. कदाचित त्यांना खरोखर फक्त ॲल्युमिनियम हवं असेल. कदाचित त्या व्यापाऱ्यांना आमच्या मशीनची दयाच आली असेल. भाऊंची मी माफी मागितली आहे. त्या व्यापाऱ्यांची मागायची वेळ अजून आलेली नाही.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात, मुलांच्या क्लासमध्ये, तुम्ही ज्या दवाखान्यात आजार सांगता तिथे, या आठवड्यात जा. मशीन फास्ट झाल्याचं कौतुक करा. आणि मग विचारा, जुनी डिस्क कुठे आहे? ‘गेली’ म्हणाले, तर कोणाकडे, ते विचारा. ‘कपाटात आहे’ म्हणाले, तर कपाट उघडायला लावा, आणि तुमच्या डोळ्यांदेखत तिला भोक पडेपर्यंत तिथून हलू नका.