‘घ्या की’ म्हणणाऱ्या गावाचं नाव मी सांगणार नाही

निघालो तेव्हा मला कसलाच राग आलेला नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सोलापुरात एका दैनिकात होतो आणि रविवारच्या पानावरचा गावांचा परिचय माझ्याकडे असे. गावाला जायचं, फिरायचं, मिळेल ते जेवायचं आणि शनिवारी दुपारच्या आत मजकूर टेबलावर ठेवायचा. एकदा संपादकांनी बोलावलं. म्हणाले, “मुंबईची एक कंपनी अक्कलकोटच्या बाजूला बंगल्यांची वसाहत काढतेय. गिऱ्हाइकांना गाव दाखवायला गाड्या निघतायत. तूही बस त्यात. हवापाणी, रस्ता, माणसं कशी आहेत, सगळं लिही. लोकांच्या उपयोगाचं आहे.”

आता हे का आठवलं, तर गेल्या आठवड्यात पुतण्याने मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. सोलापूरजवळ शांत खेडं, शुद्ध हवा, प्रेमळ गावकरी, गुंतवणुकीची संधी. खाली त्याचा प्रश्न : “काका, तुम्ही त्या भागात फिरलाय ना? जाऊन बघू का?” त्याला दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो होतो, त्याचं हे झालं.

तर स्टेशनसमोरून सकाळी एक जीप आणि एक ॲम्बॅसडर निघाली. कंपनीचे मॅनेजर सफारी सूट घालून पुढे बसले होते, म्हणून मी त्यांना सफारीवालेच म्हणतो. माझ्या शेजारी दादरचे एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. निवृत्तीनंतर गावात राहायचं हे दोघांचं जुनं स्वप्न. माणसं वाईट नव्हती. वहिनींनी बरोबर फुलझाडांच्या बियांची पुडी आणली होती, यावरून काय ते समजा.

रस्ता सोपा आहे. अक्कलकोटच्या वाटेने वळसंगपर्यंत डांबर. तिथे चहा प्यायचा आणि पाणी भरून घ्यायचं, कारण पुढे उजवीकडे वळलं की बैलगाडीची वाट सुरू होते आणि हॉटेल म्हणावं असं काही लागत नाही. एसटीने गेलात तर फाट्यावर उतरून चालत जावं लागतं. थंडीच्या दिवसांत ते चालणं सुखाचं असतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि माणसाच्या उंचीची शाळूची ज्वारी, कणसं दुधात आलेली. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. ती काळी माती चपलाच काय, चाकंही धरून ठेवते.

वाटेत सफारीवाल्यांनी अडचण सांगितली. हवी ती सगळी जमीन मिळत आली होती, फक्त मधलं एक रान अडलं होतं. दोन भावांच्या नावावरचं. धाकटा, मल्लप्पा, विकायला तयार होता. थोरला वारला होता, त्याची बायको नीलव्वा ते रान करायची आणि ती नाही म्हणत होती. “बाईंनी एकदा हो म्हटलं की संपलं,” सफारीवाले म्हणाले. मी विचारलं, “पण शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही ना?”

“ते आमच्यावर सोडा. तुम्ही निसर्गाचं लिहा.”

गावात शिरलो तर चिटपाखरू नाही. घरांना कड्या लावलेल्या, पार मोकळा, पिठाची गिरणी बंद. सफारीवाल्यांनी गाडी मुद्दाम हळू केली आणि मागे वळून म्हणाले, “पाहिलंत? गाव ओस पडत चाललंय. माणसं शहराकडे निघाली. म्हणून तर हे भाव आहेत.” डॉक्टरांनी मान हलवली. वहिनी “अरेरे” म्हणाल्या.

ओस गावातल्या उंबऱ्यांवर ताजी रांगोळी नसते. मी खाली उतरलो. एका कट्ट्यावर पाय सुजलेले एक म्हातारबा ऊन खात बसले होते. त्यांना विचारलं, “आजोबा, गाव कुठं गेलं?”

“रानात की,” ते म्हणाले. “येळवस न्हाई का आज? तुमी कुठनं आलाव, चंद्रावरनं?”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या भागात त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, शेतात उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि दिवसभर तिथेच जेवायचं. बांधावरून जाणारा कुणीही असो, ओळखीचा, परका, भांडणातला, त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. एवढाच नियम.

मी सफारीवाल्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “गाव ओस नाही. आज वेळ अमावस्या आहे.”

“ठाऊक आहे की मला,” ते हसून म्हणाले. “तारीख मीच निवडली. आजच्या दिवशी ही माणसं कुणाला नाही म्हणत नाहीत.”

राग आला तो तिथे. पण मी बातमीदार होतो, गाडी त्यांची होती आणि मला पुढचं बघायचं होतं. परत गाडीत जाऊन बसलो.

नीलव्वाचं रान ओढ्याला लागून. बांधावर आम्ही दिसताच तिने लांबूनच हाक दिली, “बर्री, बर्री!” म्हणजे कानडीत ‘या, या’. तिच्या घरात कानडी, बाजारात मराठी आणि रागात दोन्ही. पन्नाशीची, उंच, कपाळाला विभूती, कमरेला पदर खोचलेला. आम्ही कोण, कशाला आलो, तिने विचारलं नाही. त्या दिवशी विचारत नाहीत. कोपीसमोर घोंगडी अंथरली आणि पत्रावळी मांडल्या.

तुम्ही कधी खाल्ली नसेल तर सांगतो, भज्जी म्हणजे भजी नव्हे. कोवळी तूर, हरभरा, वाटाणा, हाताला लागेल ती पालेभाजी, सगळं चिंच आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं. त्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगांची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. या जेवणाला कुणी पैसे मागत नाही. देऊ केलेत तर अपमान होतो, एवढं लक्षात ठेवा. मी कुठल्याही हॉटेलात यापेक्षा चांगलं जेवलेलो नाही.

मल्लप्पा बांधाशी उभा होता. नीलव्वाने त्यालाही ओरडून बसवलं, “ये की रे, येळवशीला तरी तोंड वाकडं करू नगंस!” तो येऊन बसला.

डॉक्टरांची पत्रावळ संपली. ते ती हातात घेऊनच उठले, ज्वारीकडे बघत राहिले. खरंच भारावले होते. मग नीलव्वाकडे वळले आणि दुसरा हात सगळीकडे फिरवत म्हणाले, “मावशी, हे आम्हाला देणार का?”

तिच्या एका हातात पळी होती, पुढे भज्जीचं पातेलं. ती खळखळून हसली. “घ्या की! लाजायलाव कशाला? तुमचंच हाय की सगळं!”

आणि त्यांच्या पत्रावळीवर भज्जी भरपूर वाढली.

सफारीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफर आणलेलाच होता. नीलव्वा पळी धरून हसतेय, डॉक्टर पत्रावळ धरून वाकलेत, मागे ज्वारी. सफारीवाले मल्लप्पाच्या कानाशी लागले. नीलव्वाने त्यांनाही वाढलं. तिला वाटलं, फोटो जेवणाचा आहे.

रात्री शाळेच्या खोलीत मुक्काम होता. झोप चांगली लागते, पण पांघरूण स्वतःचं न्या, थंडी बोचरी असते.

सकाळी पारावर माणसं जमली होती. मधोमध गावचे स्वामी, म्हणजे मठातले वृद्ध जंगम; कुणाच्याही वादात त्यांना बोलावतात. मल्लप्पा उभा राहून सांगत होता, “वैनीनं काल रान देते म्हटलंय. कोपीफुडं, पांडवाच्या समोर. येळवशीला रानात दिलेला शब्द फिरवत न्हाईत आपल्यात. फिरवत असतील तर सांगा.”

 फिरवत नाहीत हे खरंच होतं. मागे एकाने येळवशीला थट्टेत पाहुण्याला कालवड दिली म्हटलं आणि ती खरंच सोडली होती. तो तिथेच बसला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

नीलव्वा ताडकन उठली. “म्या कवा म्हटलं?”

“घ्या की म्हटलं न्हाईस? तुमचंच हाय सगळं म्हटलं न्हाईस?”

“म्हटलं की! समद्यास्नी म्हणते की म्या!”

स्वामी खाली बघत म्हणाले, “अव्वा, शब्द तर गेलाय तोंडातनं.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “स्वामी, मी तिथं होतो. त्या जेवण वाढत होत्या.” सफारीवाले शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपण कशाबद्दल विचारलंत ते सांगा ना.” डॉक्टरांनी चष्मा पुसला. “विचारलं होतं… जमिनीबद्दलच,” ते म्हणाले. एवढंच. सज्जन माणूस चष्मा पुसत राहिला. एका बाईचं रान त्याच्या पुढच्या वाक्यावर लटकलं होतं आणि पुढचं वाक्य त्याने काढलंच नाही. वहिनी फुलांच्या बियांची पुडी चुरगाळत बसल्या होत्या. सफारीवाल्यांपेक्षा माझा जास्त संताप त्या दोघांवर झाला. अजून जात नाही.

नीलव्वा पुढे आली. डॉक्टरांच्या अगदी समोर उभी राहिली.

“डाक्टर, मागताना तुमच्या हातात काय हुतं?”

“हातात? पत्रावळ.”

“भरलेली का रिकामी?”

“रिकामी.”

“रिकामी पत्रावळ फुडं करून माणूस काय मागतो हो? तुमच्या दादरला रान मागतात व्हय?”

पारावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ती मल्लप्पाकडे वळली. “शब्द दिला, भज्जी दिली. दोनी त्यांच्या पोटात गेलं. आता पोटातनं काढून रान मागायलास? आन् तूबी जेवलास की काल माझ्या हातचं. तुला काय दिलं मग म्या, घर?”

कालवडवाला सगळ्यात मोठ्याने हसला. स्वामींनी हात वर केला. “पत्रावळीवर मागितलं ते पत्रावळीवर मिळालं,” ते म्हणाले. “शब्द पुरा झाला.” आणि उठून मठाकडे निघून गेले.

 परतताना वळसंगला चहाला थांबलो तेव्हा सफारीवाले मजेत होते. “एक रान गेलं तर गेलं,” मला म्हणाले, “फोटो झकास आलाय.”

मी शनिवारी मजकूर दिला. रस्ता, पाणी, ज्वारी, येळवस, आणि पारावर काय झालं तेही. संपादकांनी पारावरचा भाग काढला. परिचयात भांडण कशाला, म्हणाले. रविवारी पान उघडलं. वर माझा लेख आणि बरोबर खाली, अर्धं पान, कंपनीची जाहिरात. नीलव्वा पळी धरून हसतेय. फोटोखाली मोठ्या अक्षरांत : ‘घ्या की! तुमचंच आहे सगळं!’ वर मी लिहिलेलं गाव, खाली तीच बाई ते विकतेय. मी तडक आत गेलो. संपादक म्हणाले, “जाहिरातीचं खातं वेगळं, आपलं वेगळं.” पान तर एकच होतं.

पुढच्या येळवशीला मी एकटा गेलो, एसटीने, फाट्यावरून चालत. रान होतं. ज्वारी आदल्या वर्षीपेक्षा दाट. पण ओढ्याजवळ तीन-चार मोटारी उभ्या होत्या. जाहिरात बघून आलेली माणसं बांधावरून फिरत होती. एकजण नीलव्वाकडे बघून बायकोला म्हणाला, “हीच ती.”

तिने मला ओळखलं. “बर्री,” म्हणाली, घोंगडी झटकली, पत्रावळ मांडली. वाढणं तसंच सैल हाताचं. फक्त पळी पातेल्यातून काढताना ती म्हणाली, “भज्जी घ्या.” मग, “उंडा घ्या.” मग, “आंबील घ्या.” प्रत्येक जिन्नसाचं नाव घेऊन. शेजारच्या मोटारवाल्यालाही तसंच. मी म्हटलं, “अव्वा, नुसतं ‘घ्या की’ म्हणा की.”

“न्हाई बाबा,” ती म्हणाली. “नाव घेऊन वाढलं की भांडान न्हाई.”

तिची सून पलीकडे वाढत होती. तीही नाव घेऊनच वाढत होती.

रान वाचलं, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगत असे आणि लोक “वा” म्हणत. मला कधी तसं “वा” म्हणता आलं नाही. त्या दुसऱ्या येळवशीहून घरी पोचलो. बायकोने ताट पुढे केलं आणि आमच्याकडे रोज म्हणतात तसं म्हणाली, “घ्या की.” आमटी होती, भाकरी होती, चटणी होती. सगळंच घ्यायचं होतं. तरी मी विचारलं, “काय घेऊ?”

पुतण्याला मी रस्ता कळवला आहे. वळसंगला पाणी भर, पांघरूण ने, पैसे देऊ नकोस. गावाचं नाव मात्र कळवलेलं नाही. त्या बाजूला येळवशीला कुठल्याही बांधावर जा, जेवायला मिळेल. तिथे कुणी अजून नुसतं ‘घ्या की’ म्हणत असेल, तर पत्रावळ नीट दोन्ही हातांनी पुढे कर आणि शेताकडे बोट दाखवू नकोस.