हात न लावलेली मान

खुर्चीत बसले की लोक भुताखेतांच्या गोष्टी सांगायचे अन् मी हसत कात्री चालवायचो... असल्या गोष्टींना माझ्याकडे थाराच नव्हता. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते.

१९९८ साल असेल. भद्रावतीला बसस्टँडजवळ माझं सलून होतं. प्रमोद माजरीच्या खाणीत डंपर चालवायचा. पस्तिशीचा, धडधाकट, माझा जिवाचा दोस्त. दर रविवारी सकाळी दाढी, अन् शेवटी मी मानेला झटका देऊन कडकन आवाज काढायचो — त्याशिवाय स्वारी उठायचीच नाही.

त्या रविवारी मी त्याच्या मागे उभा राहून टॉवेल झटकत होतो. मानेला हातही लावला नव्हता. तेवढ्यात — कडकन आवाज! आरशात पाहिलं तर प्रमोदची मान उजवीकडे वळलेली. कोणी हनुवटी धरून फिरवावी तशी ती सावकाश सरळ झाली.

“वा सलीमभाऊ, आज तं लयच हलकं वाटलं!”

मी हसून टॉवेल खांद्यावर टाकला. फुकटचं कौतुक कोणाला नको असतं?

बुधवारी तो परत आला. डावी पापणी अर्धी मिटलेली.

“तुमी रविवारी मान फिरवली ना, तवापासून ही बाजू दुखून राह्यली. डोकंबी ठणकते. दवाखान्यात जाऊ का?”

“नस चढली असंन. याच्यासाठी काऊन दवाखाना? बस इथी.”

तेल लावून मी मान चांगली रगडली. खरं सांगतो... डॉक्टरकडे माझं नाव निघेल, याची मला भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली, मेंदूला रक्त पोचलं नाही. धडधाकट माणसालाही होतं, कधीकधी कारणच सापडत नाही. “कोणी मान वळवली होती का?”

त्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमी?”

“नाई वहिनी. त्या रविवारी हातबी नाई लावला.”

खाटेवरून प्रमोद माझ्याकडे बघत होता. बुधवारबद्दल मी ब्रही काढला नाही.

आता मी त्याच्या घरी जाऊन दाढी करतो. वहिनी चहा देते, म्हणते, “तुमच्यासारखा दोस्त कोणाले भेटते भाऊ?” रविवारचा तो आवाज कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. पण बुधवारी तो दवाखान्यात जायचं म्हणत होता अन् मी त्याला बसवून घेतलं, हे पक्कं ठाऊक आहे. वहिनीला मी ते अजून सांगितलेलं नाही.