भाऊजींच्या छातीचा आकडा

आमच्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस डोंबिवलीतच काय, ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. मानपाड्याच्या एका कारखान्यात वाफेच्या दाबाचे काटे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तेव्हापासून काटा दिसला की तो खोटा, ही त्यांची खात्री. ताप आला की तीन थर्मामीटर लावणार, तिघांची भांडणं लावून मधला आकडा धरणार. लिफ्टमध्ये वजनाची पाटी आहे, म्हणून आत शिरणाऱ्या बायकांना वजन विचारणार. एकीने सांगितलं नाही, तर मला म्हणाले, "वहिनी, सत्तरच्या आत असती तर सांगितलं असतं." जाऊबाई गेल्यापासून दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतात, त्यामुळे मिठावरचा संशयही मलाच ऐकावा लागतो. माझी शाळा चौथीपर्यंत, पण आकडे मला वाचता येतात हे ते विसरतात.

अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी मालवणला जाऊन समुद्रात बुडी मारायचं काढलं. ठाण्याला पोहण्याच्या तलावात शिकवणी लावली, डॉक्टरची चिठ्ठी आणली आणि मनगटावर बांधायचं एक जाडजूड यंत्र घेतलं. आपण किती खोल आहोत, किती वेळ राहायचं, वर कधी निघायचं, सगळं ते सांगतं. सोबत छातीला बांधायचा पट्टा. ठोके वाढले की यंत्र समजतं, माणूस दमला, आणि लवकर वर बोलावतं. "म्हणजे जाऊबाईच की," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

पण यंत्रावर विश्वास ठेवतील तर ते भाऊजी कसले? दोरीला बांधून ते त्यांनी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलं, शेजारी खुणा केलेला बांबू उभा केला. बांबू तीन मीटर म्हणाला, यंत्र दहा सेंटिमीटर कमी. "पकडला चोर!" भाऊजी ओरडले. तेवढ्यात सेक्रेटरी धावत आला. "काका, पिण्याच्या पाण्यात काय सोडताय?"

"यंत्र तपासतोय."

"आणि पाणी आम्ही कोणाकडून तपासून घ्यायचं?"

दोन दिवस अख्खी बिल्डिंग पाणी उकळून प्यायली. चोर शेवटी भाऊजीच निघाले. यंत्र समुद्राच्या पाण्यावर लावलेलं आणि टाकीतलं पाणी गोडं. गोडं पाणी हलकं, त्याचा दाब कमी. यंत्रात ते बदलल्यावर बांबूचं आणि यंत्राचं जमलं.

मालवणला जायच्या आठवडाभर आधी पट्ट्याचा मागचा हूक लावायला त्यांनी मला बोलावलं. यंत्र माझ्या हातात होतं. छाती जास्तीत जास्त किती ठोके मारू शकते, तो आकडा त्यात आपणच घालायचा असतो; ठोके त्याच्या जवळ गेले की यंत्र वर बोलावतं. दोनशेवीसमधून वय वजा केलं की एकशेबावन्न, हे त्यांनीच माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. पडद्यावर मात्र एकशेऐंशी.

"भाऊजी, हे कोणी मोजलं?"

"तो हिशोब सरसकट असतो, वहिनी. माणसागणिक फरक पडतो."

"कोणी मोजलं ते विचारतेय."

त्यांनी पट्टा सैल केला. मग हळूच म्हणाले, "तलावातच माझी छाती एकशेचाळीसला जाते. खरा आकडा घातला तर हे मला खाली पाच मिनिटंसुद्धा ठेवणार नाही."

"आणि खोटा घातला तर कायमचं ठेवील. डॉक्टरला सांगितलंत हे एकशेचाळीस?"

"त्याने विचारलं नाही."

जन्मभर दुसऱ्यांचे काटे पकडणारा माणूस, आणि स्वतःचा काटा फिरवून बसला होता! दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. उथळ पाण्यात, शिकवणाऱ्याचा हात धरून, आणि यंत्र म्हणेल तेव्हा वर, या अटीवर सुटका झाली. घरी आल्यावर माझ्यासमोर एकशेबावन्न घालायला लावलं. मी तीनदा बघितलं.

मालवणला नवव्या मिनिटाला यंत्राने बोलावलं. बाकीचे खालीच राहिले, भाऊजी न भांडता वर आले. बोटीवरूनच मला फोन केला. "आलो वर, वहिनी."

"बरं झालं," म्हटलं आणि ठेवला. गॅसवर दूध होतं.

खाली काय पाहिलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि त्यांनीही नंतर आपणहून सांगितलं नाही. हल्ली जेवताना मध्येच त्यांचा हात थांबतो, भिंतीकडे बघत बसतात. विचारावं असं वाटतं. मग मी भात वाढते.