पट्ट्याचं दुसरं टोक

झेंडूचा उग्र वास नाकात शिरला की मला गंगापूर रोडवरचा तो दसरा आठवतो. मळ्यातली फुलं घेऊन मी पहाटेच आले होते. फुटपाथ झाडून, पाणी मारून पोतं अंथरलं आणि त्यावर झेंडूचा ढीग रचला. तेवढ्यात ट्रॅकसूटमधले एक साहेब फिरत आले आणि त्यांच्या गुबगुबीत कुत्र्यानं नेमका माझ्या पोत्याला लागूनच कार्यभाग उरकला. साहेब काही न झाल्यासारखे पुढे निघाले. मी उठून त्यांच्या वाटेत आडवीच उभी राहिले. "साहेब, हे उचला." ते हसले. "अहो ताई, मुकं जनावर आहे, त्याला काय कळतं?" "त्याला नाय कळत, म्हणून तर पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हातात हाय. आज ह्याच फुलांचं तोरण लोकांच्या दाराला लागायचंय." समोरून गिऱ्हाईक यायला लागलं होतं आणि माझा वर्षाचा धंदा त्या एका सकाळवर होता. पुडे बांधायच्या रद्दीतला कागद मी त्यांच्यापुढे धरला, आणि धरूनच ठेवला. शेवटी ते वाकले. घाण कचराकुंडीत टाकून परत आले आणि त्यांनी झेंडू मागितला, तेव्हा मी म्हटलं, "आधी हात," आणि माझ्या कॅनमधलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. मग मापावर दोन फुलं जास्तच टाकली. परवा लेकीनं तिच्या फ्लॅटवर कुत्र्याचं पिल्लू आणलं. सगळे त्याला नाव शोधत बसले होते. मी उठले आणि दाराजवळ रद्दीचा गठ्ठा नेऊन ठेवला.