ऐकायला पाठवलेली बाई

"एखादी ओटी असन त दे वं माय," एवढं म्हणून बाई ती वेचणीची झोळी कमरेला बांधायच्या, पदर खोचायच्या आणि कपाशीत शिरायच्या. बायबलाची पिशवी बांधावरच्या बाभळीला अडकवलेली. घरची बाई संकोचून म्हणायची, "बाई, तुमी कायले?" तोवर बाईंची पाच-सहा बोंडं वेचून झालेली असायची.

त्या आमच्या दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. गावोगाव जाऊन बायकांना वचन सांगायचं, हे त्यांचं काम. मी शाळेत कारकून आणि मंडळीच्या कमिटीचा चिटणीस, म्हणून त्यांचा महिन्याचा अहवाल माझ्याकडे यायचा. किती घरी गेलात, किती जणी प्रभूकडे वळल्या, असे रकाने. बाई लिहायच्या, 'दोन घरी कापूस वेचला. एका घरी पोरगी तापली होती, तिच्यापाशी बसली. प्रभूबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोलली नाही.' असा अहवाल वर पाठवायचा कसा? मी कपाळावर हात मारायचो.

"बाई, थोडं वाढवून लिहा ना."

"त्याले सगळं दिसते, भाऊ. मंग कोनासाठी वाढवू?"

ती वर्षं तुम्हालाही आठवत असतील. कापसापायी घरंच्या घरं बुडत होती, आणि कुठे माणूस गेला की मागोमाग गाड्या यायच्या. कॅमेरेवाले, पुढारी, साड्या वाटणारे. त्या घरच्या बाईला चौकटीत उभी करायचे आणि फोटो काढायचे. आम्ही कमिटीवाले त्यांना नावं ठेवायचो. मग आम्ही काय केलं? तेच केलं, आणि वर प्रार्थना करून केलं. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. सभा गाजली तर मंडळीला नवं प्रार्थनागृह मिळणार होतं. आर्णीकडच्या एका गावात, बाई जायच्या तिथे, एका बाईचा नवरा दोन महिन्यांपूर्वी विष घेऊन गेला होता. वेचता वेचता ती बाईंपाशी बोलायची, रडायची. प्रभूनं आपल्याला कसं सावरलं, याची तिनं सभेत उभं राहून साक्ष द्यावी, असं कमिटीनं परस्पर ठरवलं. मी तर पत्रकात तिचं नाव छापूनही टाकलं.

बाईंनी पत्रक वाचलं आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. "मी तिले आननार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, देवाचं काम वाढून राह्यलं. त्याचीच इच्छा हाय ही."

"तिनं आपलं दुःख वावरात मले सांगतलं. देवानं मले ऐकाले पाठवलं, विकाले नाही."

"मंग तुमचं इथं काय काम?"

"थे तुमी ठरवा," बाई शांतपणे म्हणाल्या.

आम्ही ठरवलं. साक्षीला दुसरीच एक बाई गाठली, टाळ्या पडल्या, पाहुणे खूश झाले. पंधरा दिवसांत बाईंना कामावरून काढलं आणि त्या राहायच्या ती मंडळीच्या कंपाउंडातली खोली रिकामी करायला लावली. ठरावात 'आज्ञाभंग' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. कुणाची आज्ञा, एवढं विचारायची आमच्यापैकी एकाचीही छाती झाली नाही. किल्ली माझ्या टेबलावर ठेवताना बाई एवढंच म्हणाल्या, "नळ टपकते. नव्या मानसाले सांगजा."

प्रार्थनागृह झालं. गुळगुळीत फरशी, भिंतीवर देणगीदारांची नावं. आमचीही नावं आहेत त्यात.

पुढच्या वेचणीच्या हंगामात एका रविवारी उपासना सुटताना दारात एक बाई उभी दिसली. आर्णीकडून जीपनं आली होती. तिनं नाव सांगितलं. ते नाव मीच पत्रकात छापलं होतं.

"बाईंचा देव कसा हाय, थे पुसाचं होतं," ती म्हणाली. "वर्स झालं, त्या वावरात आल्या नाहीत."

अध्यक्ष लगबगीनं पुढे झाले. खुर्ची ओढली, सभासदाचा फॉर्म काढला. "आमाले पुसा ना, माय."

"नाही. त्यायलेच पुसतो. कुठं रायतात त्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईंना काढायला सगळ्यांचे हात वर होते. त्या कुठे गेल्या, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं.